ठिपकेवाली खडी

दि. ४ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, रुसू नकोस. आमच्या खाणीत अर्धं काम थांबलंय. खालच्या खड्ड्यात पाणी सोडून पक्ष्यांसाठी राखीव पाणथळ करतायत. काठाला लव्हाळी लावूनही झाली. पक्षीवाल्या बाई दिवसभर दुर्बीण लावून बसतात, पण पाखरं येतात, पाणी पितात नि निघून जातात. एकानंही अजून घरटं केलेलं नाही.

माझं क्रशर जूनअखेर बंद. पाणथळावर माणसं घेणार आहेत, पण शिकलेली. मला खडीशिवाय काय येतं? तुझी वहिनी तुझ्याकडे येऊन राहू म्हणते. खरं सांगू? मला इथून हलायचं नाही.

वह्यांवर ठेवायला मागितलेला तुझा दगड पाठवतोच.

तुझा दादा

*

दि. १२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मागची खोली झाडून ठेवली आहे, पण ती वहिनींसाठी. तुझं रडगाणं तिकडेच ठेवून ये. खडीशिवाय काय येतं म्हणे! धान्य निवडायचं ताट आई तुझ्याशिवाय कुणाच्या हाती देत नसे, विसरलास? मी निवडलं की सगळ्यांच्या दाताखाली खडा यायचा.

आणि दगड कुठाय? पंख्यानं शाळेच्या वह्या फडफडतात. वर्षभर नुसता टोलवतो आहेस.

वहिनींना नमस्कार. राग नसावा, असला तर दगडासोबत पाठवावा.

तुझी चिमी

*

दि. ३ एप्रिल

चि. चिमीस,
अ. उ. आ.

काल मी सुरुंगाचा भोंगा वाजवला! सुरुंग नसताना!

झालं असं, लोडर खडीच्या जुन्या ढिगात फावडं घालणार, तेवढ्यात मला चार खडे दिसले. गोल नि ठिपकेवाले. आमच्या क्रशरमधून गोल खडा जन्मात निघालेला नाही. त्या आवाजात ड्रायव्हरला हाक ऐकू जाईना, म्हणून भोंगा. सगळे धूम पळाले. मुकादम चहाच्या कपासकट डंपरखाली शिरला.

स्फोट होईना तसा तो तणतणत आला. मी म्हटलं, अंडी आहेत. त्यानं विचारलं, कुठे? काठीनं तीनदा दाखवली तेव्हा कुठे दिसली. बाई हातभर अंतरावर उभ्या राहून दुर्बीण पुसत होत्या, त्यांनाही दिसेनात. टिटवी मात्र डोक्यावर ओरडून ओरडून सांगत होती. दिसली तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग म्हणाल्या, आणखी शोधाल का? संध्याकाळपर्यंत मी तीन घरटी शोधली. मला फार आनंद झाला, चिमे.

तुझा दादा

*

दि. ३० एप्रिल

चि. चिमीस,
अ. उ. आ.

बाईंनी मला कायमचं ठेवून घेतलं. हुद्दा ‘घरटी-राखणदार’. वहिनीनं सामान बांधायला काढलेल्या दोऱ्या परत गुंडाळल्या. मुकादम मला वाटेत भेटला की मुद्दाम कानांवर हात ठेवतो.

परवा पहिली पिल्लं निघाली. अंगावरचं कवच झटकून तासाभरात चालायला लागली. मी तिथेच बसून हसत होतो.

आता तुझ्या दगडाचं. काल उचलायला गेलो, पण हात पुढे होईना. तीस वर्षं डोळे मिटून दगड फोडले, आता साधा खडा उचलायचा तरी चारदा वाकून बघतो. तेव्हा वह्यांवर तूर्त पाटी ठेव. सुट्टीत ये, दोघं मिळून निवडू.

लोभ आहेच, तो असावा; आणि इथे येशील तेव्हा पाऊल बघून टाकावं.

तुझा दादा