सातव्या जोडीपासून

९ नोव्हेंबर

नववी जोडी बसली! डावीकडे एक पट्टी, की लगेच उजवीकडे एक. एकाच बाजूला चढवत गेलं तर टेबलावरच्या छोट्या जहाजाचाही कणा पिळतो — नमुने बनवणाऱ्या आमच्या मंडळातल्या नव्यांना बारा वर्षं घसा कोरडा करून हेच सांगतेय. आजची नाकाशी वळताना कुरकुरली. अर्धा तास गरम पाण्यात ठेवली तरी हट्ट सोडेना. फट राहिली. या खेपेला लाकूडच दगाबाज आलंय. आणि प्रदर्शन पंधरा डिसेंबरला! हॉलमधलं मधलं टेबल माझ्यासाठी राखलंय.

ह्यांनी दुपारी कॅलेंडरसाठी खिळा ठोकला. खिळा वाकला, अंगठा सुजला. म्हणे, भिंतच कडक आहे. नाचता येईना अंगण वाकडं! चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या हातून एक खिळा सरळ गेलेला नाही.

१० नोव्हेंबर

गंमतच आहे. सकाळी फिरून आले, तर कालची पट्टी अगदी चपखल बसलेली! फटीत नखही जाईना. गोंद वाळला की लाकूड शहाणं होतं म्हणायचं.

चहाच्या वेळी हे जहाजाकडे बघत म्हणाले, "वा! हात आहे की यंत्र!" बरं वाटलं. आजकाल कौतुकही करतात आणि रोज सकाळी मागे लागतात — "फिरून ये, तासभर तरी चाल." एवढी काळजी लग्नानंतर पहिल्यांदाच.

१४ नोव्हेंबर

अकरावी. टाचण्यांची डबी सांडली. चिमटा दोनदा निसटला. नवा पेनही भिकार निघाला, अक्षर कसं येतंय ते दिसतंच आहे.

१८ नोव्हेंबर

आतले गोंदाचे थेंब खरवडायला टॉर्च घेऊन बसले होते.

प्रत्येक पट्टीच्या आतल्या अंगाला मी पेन्सिलीनं जोडीचा आकडा नि तारीख घालते. कुणाला दिसत नाही. माझं माझ्यासाठी. आज वाचत गेले. एक, दोन, तीन... सहापर्यंत आकडे जरा लटपटलेले. सातपासून एकदम सुरेख! ताठ, छापल्यासारखे. मीच खूश झाले.

मग ही वही शेजारी उघडून धरली. नऊ तारखेचा माझा नऊ बघितला. जहाजातला नऊ बघितला.

तो माझा नाही. तो नऊ मी चाळीस वर्षं वाणसामानाच्या यादीत बघतेय. पस्तीस वर्षं टपाल कचेरीत पावत्या लिहिणाऱ्या माणसाचा आहे तो.

१९ नोव्हेंबर

काल मुद्दाम बारावी जोडी बसवली. आज फिरायला निघाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले.

माझा एप्रन घालून माझ्या स्टुलावर बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. ओल्या गरम फडक्यानं माझी पट्टी सोडवून झाली होती, दुसरी ओली करून वळवत होते. आणि पुटपुटत होते — "भांडायचं नाही. समजूत घालायची." माझं वाक्य! लाकूड वाकवताना मी म्हणते ते.

"कधीपासून?"

दचकले. पट्टी मात्र सोडली नाही. "सातव्या जोडीपासून."

"शिकवलं कुणी?"

"सुतारदादांनी."

म्हणजे माझा गुरूही सामील! ज्यांनी माझ्या हातात पहिला रंधा दिला, त्यांनी ह्यांना चोरून शिकवलं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू सोडून दिलं असतंस. सहाव्या जोडीला पट्टी हातात धरून रडत होतीस. मी दारात उभा होतो."

मी रडत नव्हते. गोंदाचा वास डोळ्यांना लागतो.

"आणि तो खिळा? तेही नाटकच?"

"नाही गं. खिळा खरंच वाकला."

हसू आलं असतं एरवी. आज नाही आलं. फसवलं मला. बाहेरच्यानं फसवलं तर चार शिव्या घालून मोकळं होता येतं. घरच्यानंच केसानं गळा कापला तर जायचं कुठे? "हात आहे की यंत्र" म्हणत होते रोज — स्वतःच्याच पट्टीकडे बघून! आणि मी वेडी, फुशारत होते.

२० नोव्हेंबर

बोलले नाही.

२१ नोव्हेंबर

बोलले नाही. सुतारदादा आले होते. "वहिनी, चुकलं आमचं," म्हणाले. दार लावून घेतलं.

२४ नोव्हेंबर

कपाटामागे बिस्किटांचा डबा सापडला. माझ्या काढलेल्या बारा पट्ट्या. सगळ्या जपून ठेवलेल्या, रबर लावून.

एकेक उजेडात धरली. लाकूड दगाबाज नव्हतं. कडा चावल्यासारख्या, नाकाकडचा निमुळतेपणा चुकलेला, टाचणीची भोकं तीन-तीन. कुणा नव्यानं अशी पट्टी आणली असती तर मी परत पाठवली असती. अंगण सरळच होतं गं बाई.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे एकटी गेले. गोल काढायला सांगितला. बटाट्यासारखा आला. हातांची थरथर राहील, म्हणाले. वाढेल. औषधानं थोडी आटोक्यात येईल, जाणार नाही.

दोन जोड्या बाकी आहेत. मोडीत काढावं का जहाज? ह्यांना अजून विचारलेलं नाही. ह्यांनीही विचारलेलं नाही.

१२ डिसेंबर

हे अक्षर माझं नाही. मी सांगतेय, हे लिहितायत. मागची पानं वाचायची नाहीत असं बजावलंय. वाचतीलच.

शेवटची, चौदावी जोडी आज बसली. नजर माझी, हात ह्यांचे. किती तासायचं ते मी सांगत होते. ह्यांनी दोनदा जास्त तासली, दोनदा शिव्या खाल्ल्या. आतल्या अंगाला आकडा घालायला पेन्सिल मीच घेतली. चौदा वाकडातिकडा आलाय. तसाच राहू दे.

पंधरा तारखेला टेबलावरच्या पाटीवर दोघांची नावं येतील. सातव्या जोडीपासूनच्या पट्ट्या कुणाच्या, तेही स्पष्ट येईल. हे नको म्हणतायत. मी म्हटलं, लिहा मुकाट्यानं.

आणि अजून माफ केलेलं नाही. हेही लिहा.

लिहिलं.