बाळाच्या कबरीवरची मेणबत्ती

बाबा, थकले आहे आता, म्हणून सरळच लिहिते. तुमच्या आणि आईच्या भांडणात मी एकदा गप्प बसले होते, ते सांगायचं राहून गेलं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. तुम्ही मिशनचे प्रचारक, सायकलवर दवनीवाड्याच्या बाजारात जाऊन शुभवर्तमान सांगायचात. आई माहेरची कॅथलिक, लग्नानंतर तुमच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आलेली. बाकी सगळं तिनं सोडलं, नोव्हेंबरची दोन तारीख काही सुटली नाही. त्या दिवशी तिच्या माहेरी मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचे, कबरींवर मेणबत्त्या लावायचे. आणि आपला अकरा महिन्यांचा बाळ तिकडे रेल्वेलाइनीपलीकडे पुरलेला.

त्या दोन तारखेची संध्याकाळ आहे, धान कापणीला आलंय, बाळाच्या कबरीपाशी आई पदराच्या आडोशानं मेणबत्ती धरून बसली आहे, शेजारी मी. तुम्ही येता आणि चिमटीनं वात विझवता. "काऊन लावून राहिली? मेलेल्यासाठी प्रार्थना शास्त्रात कोठी लिहून आहे? दाखव. दाखवशीन तर मी सोता लावतो."

"मले वाचता येते का जी? लहान आहे तो, अंधाराले भेते."

तुम्ही वळलात. सायकल हातात धरून आमच्यापुढे घरापर्यंत चालत राहिलात.

मला वाचता येत होतं, बाबा. इंग्रजीसाठी तुम्हीच मला कॅथलिक सिस्टरांच्या शाळेत घातलं होतं. मागच्याच महिन्यात एका सिस्टरनं दाखवलं होतं, त्यांच्या बायबलात आपल्यात नसलेली काही पुस्तकं आहेत, आणि त्यातल्या एकात मेलेल्यांसाठी प्रार्थना केल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही म्हणाला असतात, ते पुस्तक आपलं नव्हेच. म्हणालाच असतात, कशाला खोटं बोलू. चांगला कडाक्याचा वाद झाला असता. पण आईच्या बाजूनं एकदा तरी कुणी बोललं असतं. मी बोलले नाही, कारण रविवारी तुमच्याशेजारी उभी राहून वचनं म्हणणारी तुमची लाडकी मी. तुम्ही हरलेलं मला बघवलं नसतं. आईनं मग मरेपर्यंत मेणबत्ती हातात धरली नाही.

आता दोन नोव्हेंबरला मी जाते. कोणाचं खरं, कोणाचं खोटं, याचा मला अगदी वीट आलाय. बाळाच्या कबरीवर एक लावते, आईच्या एक. तुमच्या कबरीवरचं गवत काढते आणि उठते. तिसरी मेणबत्ती दरवर्षी पिशवीतून तशीच घरी येते. हे पत्र तरी कुठं टाकणार, तुमच्याच बायबलात ठेवते. तुम्ही म्हणाला होतात, आधी दाखव, मग लावतो. मी अजून दाखवलेलं नाही.