धाकटीची गाडी थांबत नाही

३ जून

पुन्हा थांबली! उड्डाणपुलाखाली, मोकळ्या रस्त्यात. पुढे माणूस नाही, कुत्रं नाही, कागदाचा कपटाही नाही — नुसती पुलाची सावली. गाडीनं आपणहून करकचून ब्रेक मारला, स्क्रीन लाल, वर कानठळ्या बसवणारी टूं टूं. मागच्या टेम्पोवाल्यानं कसाबसा सांभाळला आणि शेजारून जाताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुलगी मागे होती. पट्टा लावलेला म्हणून बरं, पण हातातली बाटली तोंडावर आपटली, ओठ फुटला. रडली नाही. म्हणाली, "आई, उद्या पोहायला मी काकूच्या गाडीतून जाऊ?"

मला ते ओठाच्या रक्तापेक्षा जास्त लागलं. लिहायला लाज वाटते, पण लागलं.

४ जून

गेली काकूच्या गाडीतून. वळूनही पाहिलं नाही.

६ जून

नवऱ्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं दोन गाड्या एकाच दिवशी घेतल्या, दोन घेतल्या तर सवलत होती म्हणून. दोन्ही विजेवरच्या, दोन्ही एकाच जातीच्या. माझी निळी, धाकटीची पांढरी. समोर काही आडवं आलं तर गाडी स्वतः ब्रेक लावते — केवढं कौतुक होतं तेव्हा! आता माझी गाडी साप साप म्हणून भुई धोपटते, आणि माझ्या धाकट्या जावेची शहाण्यासारखी चालते. एकदाही थांबत नाही म्हणे.

मग निष्कर्ष काय? आज जेवताना सासूबाईंनी काढला. "गाडी तीच, हात वेगळा." भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, लगेच सुचलं — नाचता येईना, अंगण वाकडं. सगळे हसले. धाकटी तेवढी हसली नाही, ताटात बघत राहिली. ही तिची खास पद्धत. हसली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

तिचं सगळंच तसं. वरच्या मजल्यावर राहते आणि पायऱ्या उतरताना आवाजसुद्धा होत नाही. भांडी घासते ती वाजत नाहीत. झाडं लावते ती जगतात.

९ जून

सर्व्हिस सेंटर. नवरा बरोबर आला — दर वेळी येतो, आणि दर वेळी तिथल्या गार हवेत खुर्चीवर झोपतो. मी मेली एकटीच बोलत असते. तिथला टाय लावलेला मुलगा गाडीला लॅपटॉप जोडून म्हणाला, सिस्टीम ओके दाखवते. मग अगदी गोड आवाजात, "मॅडम, चुकून ब्रेकवर पाय जात असेल का?"

मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. ज्यांना पाटीवरचं मोठ्ठं अक्षर दिसत नाही, त्यांनाही "तुम्हाला दिसत नाही" असं तोंडावर म्हणत नाही! मी उत्तर देणार तोवर नवरा डोळे चोळत उठला आणि म्हणाला, तिचा पाय कुठे जातो ते मला माहिती आहे, तुम्ही गाडीचं बोला. म्हणजे झोपलेला नव्हता तर.

१२ जून

गाडीमालकांचा एक ग्रुप सापडला. वाचत बसले — हसू की रडू! एकाची गाडी गटारातून निघणाऱ्या वाफेला घाबरून थांबते. एकाची बसच्या मागच्या जाहिरातीतल्या माणसाला बघून थांबली, आणि तो माणूस टूथपेस्ट दाखवत होता. एका बाईला मागून ट्रकनं ठोकलं, मान अजून पट्ट्यात आहे. सगळ्यांना एकच उत्तर — सिस्टीम ओके.

म्हणजे मी वेडी नाही. नवऱ्याला वाचून दाखवलं. सासूबाईंना दाखवायला गेले तर त्या म्हणाल्या, मग धाकटीची का थांबत नाही?

तेच तर! का थांबत नाही? माझ्याच नशिबी नासका आंबा का?

१५ जून

मुलगी आता रोज धाकटीबरोबरच जाते. ती घरोघरी म्हाताऱ्यांना व्यायाम शिकवायला जाते, वाटेत हिला तलावावर सोडते. येताना दोघी गाणी म्हणत येतात. आज मी गेट उघडायला गेले तर काचा वर, आत दोघी हसताहेत. मला बघून थांबल्या. काय झालं विचारलं, तर मुलगी म्हणाली, काही नाही, आमचं आहे.

आमचं!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणतो, काकू आहे तिची, परकी का आहे? परकी असती तर बरं झालं असतं.

१८ जून

टायवाला म्हणाला, घरातली दुसरी गाडी एकदा त्याच रस्त्यावर चालवून बघा, म्हणजे फरक कळेल. धाकटीकडे एका दिवसासाठी मागितली. तिचा चेहरा उतरला. आज पेशंट आहेत, उद्याही आहेत, परवा बघू. एवढा जीव गाडीवर! भाऊजी शेजारीच होते. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "न्या वहिनी, हिला काय विचारता?"

१९ जून

थांबली!

तिचीही थांबली! त्याच पुलाखाली, तशीच, करकचून, लाल दिव्यासकट. मागे कोणी नव्हतं हे नशीब. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसले. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. भाजीवाला काळजीनं विचारायला आला, ताई बरं आहे ना? म्हटलं, फार बरं आहे.

पण मग तिच्या हाताखाली का नाही थांबत?

संध्याकाळी मुलीचं डोकं पुसताना सहज विचारावं तसं विचारलं. म्हणाली, गाडी सुरू केली की काकू आधी स्क्रीनवर ते आपोआप ब्रेकचं बंद करते, रोज करावं लागतं. "कुणाला सांगू नको म्हणालीये. तू पण नको सांगू."

२० जून

दुपारी वर गेले. ती कपडे घडी करत होती. मी सरळ विचारलं. घडी तशीच हातात राहिली. सुटका करून घ्यायला खोटंसुद्धा बोलली नाही.

म्हणाली, पहिल्याच आठवड्यात दोनदा थांबली होती, दुसऱ्यांदा भाऊजी शेजारी होते. त्यांनी तिथेच सांगितलं — तुला जमत नाही, पुन्हा असं झालं तर गाडी विकून टाकू, तसंही बाईनं दारोदार फिरायची गरज काय. तेव्हापासून ती ते बंद करून चालवते. गाडी गेली की काम गेलं. म्हातारे विखुरलेत गावभर, बसनं अर्धेही होणार नाहीत.

मी म्हटलं, माझी मुलगी त्या गाडीत असते. खरंच समोर कुणी आलं असतं तर?

"ती असली की मी चाळीसच्या वर जातच नाही, ताई." आणि मग, "तुमचं बरं आहे. दादा दर वेळी तुमच्याबरोबर येतात. तुम्ही गाडीत दोष आहे म्हणालात, त्यांनी लगेच मानलं. मला इतका हेवा वाटायचा."

माझा हेवा! हिला! खाली उतरताना तिनं हात धरला, ह्यांना सांगू नका म्हणाली. मी नाही सांगत म्हटलं. त्या क्षणी खरंच सांगणार नव्हते.

२३ जून

सांगितलं.

जेवताना मुलीनं तलावावरची गंमत सांगायला सुरुवात केली — माझ्याकडे पाठ करून, काकूला. भाऊजी म्हणाले, वहिनी, आता तुम्हीच हिच्याकडून चार दिवस शिकवणी घ्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं. पुलाखाली कशी थांबली, रोज काय बंद करते, कधीपासून. आवाज अगदी काळजीचा होता माझा. "माझं लेकरू असतं हो त्या गाडीत."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. म्हणून तर कुणाला मला अडवता आलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, घरोघरी मातीच्या चुली. भाऊजींनी हात धुतले आणि खुंटीवरची किल्ली खिशात टाकली. धाकटीनं सगळ्यांची ताटं उचलली. वाजली नाहीत.

नवरा रात्री म्हणाला, मला आधी एकट्याला सांगायचं होतंस. मग तोंड फिरवून झोपला. या वेळी खरंच झोपला.

२४ जून

मुलगी माझ्या गाडीतून आली. पुलाखाली मी श्वास धरून. थांबली नाही. बोललीही नाही — मुलगी.

२९ जून

पांढरी गाडी विकली. कोणी तरी दूरचा माणूस येऊन घेऊन गेला. धाकटी गच्चीवरून बघत होती. मला वाटलं होतं आतून बरं वाटेल. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू. मग संध्याकाळी ती लांबच्या म्हाताऱ्यांना एकेकाला फोन करत होती, जिन्यात ऐकू येत होतं. नाही हो आजी, मी आजारी नाही. नाही, येणं जमणार नाही आता. तोच मऊ आवाज. मी मिक्सर लावला.

४ जुलै

टायवाल्याचा फोन. कंपनीनं मान्य केलं! पुढच्या कॅमेऱ्यातच दोष, त्या महिन्यातल्या सगळ्या गाड्यांत. सावलीला भिंत समजतो. फुकट दुरुस्त करून देणार. "मॅडम, तुमचंच बरोबर होतं." हे ऐकण्यासाठी किती जीव टाकला होता मी!

मग म्हणाला, घरात दोन आहेत ना तुमच्या? दोन्ही बरोबरच घेऊन या.

एकच आणते म्हटलं.

सासूबाईंना सांगितलं. त्या "हो का" म्हणाल्या. भाऊजींनी पेपर उलटला. धाकटी बसनं आली, तिलाही कळलं असणारच. दारात चपला काढल्या आणि वर गेली.

९ जुलै

गाडी दुरुस्त होऊन आली. काय चालते! पुलाखालून दोनदा नेऊन आणली, हूं की चूं नाही. मागची सीट पुसली, मुलीचा टॉवेल आणि डबा तिथे ठेवला, हाक मारली. ती पिशवी खांद्याला लावून आली, डबा घेतला. म्हणाली, मी काकूबरोबर बसनं जाते.

मी म्हटलं, अगं, आता नाही थांबत ती मध्येच.

"माहितीये," म्हणाली.