चौथी तार

३ फेब्रुवारी

गच्चीवर कपडे काढायला गेले आणि वळून बघते तर मागे हा! धाकटा भाऊ. अनवाणी. जो जेवायलासुद्धा खोलीबाहेर येत नाही, तो जिना चढून थेट गच्चीवर! ओरडलेच मी. मग धावत जाऊन हात धरला — की त्यानेच आधी धरला, नीट आठवत नाही — आणि खाली आणलं. माझं मनगट असं आवळलं होतं की अजून वळ आहे. पाणी दिलं, प्यायला नाही. "कशाला आला होतास वर?" विचारलं. नुसता बघत राहिला.

आधी निदान हो-नाही तरी होतं. आता तेही नाही.

४ फेब्रुवारी

त्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकटं सोडू नका. काहीही करून बोलतं करा. पुढच्या महिन्यात बघू, तोवर हेच राहिलं तर दाखल करून घ्यावं लागेल." हा शेजारच्या खुर्चीत ढिम्म. निघताना मला म्हणतात, "आणि तुम्ही कशा आहात?" हसूच आलं मला. मला काय धाड भरलीय!

घरी आल्यावर गच्चीच्या दाराला कुलूप घालायचं तर खिळ्यावर किल्ली नाही. घर उलथंपालथं केलं. खालच्या काकूंना विचारून आले. शेवटी वर जाऊन बघते तर कुलूप लागलेलंच! काल मीच लावलं असणार आणि किल्ली कुठेतरी टाकली असणार. भान कुठे होतं? असो. कपडे आता खिडकीत वाळतील.

७ फेब्रुवारी

कशापायी झालं हे, ते एकदा लिहून टाकते. माझ्या डोक्यात तरी सरळ लागेल.

धाकटा स्ट्रिंग थिअरीवाला. त्यांच्या मते जग बारीक बारीक तारांचं बनलंय आणि त्या तारांची टोकं पडद्यांना चिकटलेली असतात. त्या पडद्यांना ते लोक ब्रेन म्हणतात. मेंदूशी काही संबंध नाही. मी आपली पडदाच म्हणणार. दहा-अकरा वर्षं याने एकच गोष्ट धरली होती — कुठल्याशा वाकड्यातिकड्या जागेत असे दोन पडदे ठेवले, तर ते कायमचे जागच्या जागी राहतात. त्यावर नाव झालं, लोक बोलवायला लागले. सप्टेंबरात कोणा परक्याने दीड पानात दाखवून दिलं की मुळातच चूक आहे. दीड पान! संस्थेने पुढचा करार केला नाही. हा पुस्तकांची खोकी घेऊन माझ्याकडे आला आणि मागच्या खोलीत बसला, तो बसलाच.

आई जाऊन वर्ष झालं. तिने त्याला दोन मिनिटांत उठवला असता. मला नाही जमत. मला कवळ्या बनवता येतात, बस. लोकांची तोंडं उघडायची मला सवय, आणि हे एक तोंड उघडत नाही!

१० फेब्रुवारी

आज एक झालं. सकाळी चहा देताना उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुझे ते पडदे एकमेकांना ढकलून ढकलून पडले, होय ना?" — आणि त्याच्या ओठांचा कोपरा हलला! कडू औषध प्यायल्यासारखा. पण हलला.

लहानपणापासून याला दुसऱ्याची चूक सहन होत नाही. वाण्याची बेरीज भर दुकानात दुरुस्त करायचा. मास्तरांना फळ्यावर अडवलं म्हणून छड्या खाल्ल्या, आणि हात चोळत पुन्हा म्हणाला, "पण तिथे वजाच आहे."

चूक! याच्यासमोर चुकायला हवं!

११ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत त्याच्या संस्थेतल्या सहकारी बाईंना फोन केला. आम्ही घरी त्यांना वादळ म्हणायचो, बोलायला लागल्या की थांबतच नाहीत. म्हटलं, "मला पडद्यांबद्दल चुकायला शिकवा."

"अहो, बरोबर शिकवता येतं, चुकायला कसं शिकवू?"

सगळं सांगितलं. गच्चीचंही. मग म्हणाल्या, रोज एक वाजता फोन करा.

आजचा धडा: दोन पडदे समोरासमोर. वजनामुळे एकमेकांना ओढतात. पण दोघांवर विजेसारखा एकाच जातीचा भार असतो, त्यामुळे ढकलतातही. जेवढी ओढ तेवढीच ढकल — फिट्टंफाट! बेरीज शून्य. म्हणून हलत नाहीत. "शून्य म्हणजे तिथे काही नाही असं समजू नका हं," वादळ म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी

चूक पहिली. "तार जितकी लांब ताणावी तितकी हलकी होते, नाही का रे?" हूं नाही की चूं नाही. वादळना सांगितलं तर कपाळाला हात लावल्याचा आवाज फोनमधून आला. "ताणलेली तार जड होते हे शेंबड्या पोरालाही कळेल! त्याला वाटेल तुम्ही चेष्टा करताय."

म्हणजे चूकसुद्धा त्याच्या तोलामोलाची हवी.

१६ फेब्रुवारी

त्याने खुर्ची खोलीतून काढून बोळात आणलीय, गच्चीच्या जिन्याच्या तोंडाशी. दिवसभर तिथेच. पाणी आणायला जाताना माझी करंगळी दोनदा आपटली. आत नेऊन ठेवली तर पुन्हा आणली. वर जायच्या दाराकडेच डोळे लागलेत त्याचे! कुलूप आहे म्हणून बरं.

१८ फेब्रुवारी

चूक दुसरी, तिसरी, चौथी. सगळ्या वाया. सुस्कारासुद्धा टाकला नाही.

१९ फेब्रुवारी

कामावर मालकांनी आणलेलं यंत्र आज चालू झालं. तोंडाचा फोटो घेतं आणि कवळी छापून देतं. चावा कसा बसतो ते बघायला लागत नाही की मेण तापवायला लागत नाही. "तुमच्या हाताला तोड नाही, ताई," मालक पुन्हा म्हणाले. जानेवारीतही हेच म्हणाले होते, आणि त्याच वाक्यात पुढे, की मार्चपासून आठवड्यातून दोनच दिवस या. घरी बोलले नाही मी. बोलायचं कोणाशी? भिंतीला?

२० फेब्रुवारी

आज काही नाही.

२२ फेब्रुवारी

कामावरून निघून जरा चालत राहिले, नदीच्या बाजूने. उशीर झाला. येते तर हा इमारतीच्या फाटकात उभा! घरातल्या चपला, एका पायात एका जोडीतली, दुसऱ्यात दुसऱ्या. खालच्या काकू म्हणाल्या, तासभर उभा आहे, विचारलं तर बोलत नाही. भरकटायला लागला आता. डॉक्टरीणबाईंना सांगावं लागेल. नको. सांगितलं की नेतील.

नेला तर मी या घरात काय करू?

२४ फेब्रुवारी

आज तोंड सुटलं माझं. ताट तसंच ठेवलं होतं त्याने, भात वाळून गेलेला. म्हटलं, "आईच्या मागे मीच उरलेय ना तुला? मग मला का छळतोस? एक पडदा चुकला तर माणसाने एवढे हातपाय गाळायचे? माझं कोणी विचारतं का?" आणि बरंच काही. खालपर्यंत ऐकू गेलं असणार. तो उठला, ताट घेतलं, उभ्या उभ्या तो गार भात खाल्ला. सगळा. माझ्याकडे बघत.

मला रडता आलं नाही. आताशा येतच नाही.

२६ फेब्रुवारी

वादळ: "पडदे नुसते उभे असतील तर बल शून्य. पण एक जरी हलला, तर शून्य राहत नाही. अगदी थोडं, पण येतं."

आमच्या घरात कोणीतरी हलायला हवं. कोण हलणार? माझ्यात नाही आता जोर.

१ मार्च

कामावरून गुलाबी मेण आणलं, कवळीची हिरडी बनवतो ते. पातळ पानांसारखं येतं. तिथे आता पडूनच आहे. दोन पानं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर उभी केली. हे दोन पडदे. शिवायचा दोरा घेतला, मेण ऊन करून टोकं त्यात रुतवली. एक दोरा या पडद्यावरून निघून इथेच परतलेला. एक त्या पडद्यावर तसाच. एक इथून तिथे. झालं. चुकायचं वगैरे काही मनात नव्हतं, खरंच! मला फक्त एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, या पडद्यांनी माझ्या भावाला कसं खाल्लं.

मोजलं. स्वतःशीच म्हटलं, "म्हणजे तारा तीन जातींच्या."

बोळातून आवाज आला, "चार."

१ मार्च, पुन्हा

चार! चार म्हणाला! घोगरा, गंज चढल्यासारखा आवाज. पण चार!!

२ मार्च

काल लिहायचं अर्धवट राहिलं. तो उठून आला, रिळातून दोरा तोडला आणि मधल्या दोऱ्याला लागून आणखी एक बसवला. माझ्यापेक्षा वाईट बसवला, मेण ओघळलं. म्हटलं, "अरे, पण ही तर आहेच की, मधली."

"ती तुझ्याकडून माझ्याकडे. ही माझ्याकडून तुझ्याकडे. तारेला दिशा असते, ताई."

ताई म्हणाला.

फोनवर वादळ रडल्या. मग नाक शिंकरून म्हणाल्या, बरोबर आहे, चारच. आणि मला आता कुठे उमगतंय — इतक्या मुद्दाम केलेल्या चुकांना त्याने भीक घातली नाही. खरोखर चुकले तेव्हाच बोलला. माझं खोटं त्याला आधीपासून ओळखू येतं. आईची साखर मी खाल्ली की मांजराने, हे हाच सांगायचा.

५ मार्च

पुन्हा तोंड बंद. दोन दिवस. खुर्ची तिथेच, जिन्याशी. मी हरले. परवा तपासणी.

६ मार्च

तपासणी उद्या, आणि आज बोलला!

त्याच्या दुखऱ्या जागेला मी मुद्दाम कधी हात लावला नव्हता. वादळनी बजावलं होतं. आज म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. टेबलाशी बसवला आणि विचारलं, "त्या दीड पानात काय होतं रे?"

मग त्याने मेणाचं एक पान उचललं, उलटं केलं, पुन्हा उभं केलं.

"हा उलटा पडदा. दिसतो तसाच. पण आता भार उलटा. ढकलणारं काही नाही, दोन्हीकडून ओढच."

"मग?"

"जवळ येतात. फार जवळ आले की मधली तार तोल सांभाळू शकत नाही. विस्कटतं सगळं. पडदेच उरत नाहीत. नुसत्या मोकळ्या तारा निघून जातात."

"आणि तुझी चूक?"

"त्या वाकड्या जागेतून एक फेरी मारून आला की पडदा उलटा होऊन येतो. मी धरून चाललो की आहे तसाच आहे. रोज डोळ्यांसमोर होता, ताई. रोज. मला दिसलं नाही."

एवढं बोलून तो त्या दोन पानांकडे बघत राहिला. माझा जीव तुटला. म्हटलं, "राजा, पडदा उलटा झाला तर झाला! त्यापायी तू गच्चीवरून जीव द्यायला निघालास?"

त्याने मान वर केली. मी परक्या भाषेत बोलत असल्यासारखा बघायला लागला.

"मी?" म्हणाला.

७ मार्च

सकाळी चहा त्याने केला. कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "ताई, त्या दिवशी दोरीवर कपडे नव्हते."

नव्हते. सकाळीच काढून घड्या घातल्या होत्या मी.

"तू वर जाताना दिसलीस, म्हणून मागे आलो. तुला विचारलं असतं, तर कपडेच म्हणाली असतीस."

खूप रडले. खूप दिवसांनी आलं.

गच्चीची किल्ली मागितली तर शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "राहू दे माझ्याकडेच."

डॉक्टरीणबाईंकडे आता जातोय. तपासणीला त्याच्या नावाआधी माझं नाव सांगितलंय.