चंद्रावर एवढा आवाज

अक्का,

आज सकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीतून फोन आला. तिथली मुलगी माझ्या नातीच्या वयाची आहे, पण काम सांगताना जराही अडखळत नाही. म्हणाली, "मॅडम, संध्याकाळपर्यंत काहीतरी हलकंफुलकं द्या ना. कानात घालायची नवी यंत्रं आलीत ती, आणि चंद्रावर निघालेलं यान. दोन्ही एकाच लेखात बसवा, तुम्हाला जमतं." मला जमतं हे खरं आहे. घरात आलेलं नवं यंत्र आणि आकाशातली नवी बातमी यांची थोडी गंमत करायची आणि वाचकांना चहाबरोबर हसवायचं, हे काम मी इतकी वर्षं केलं आहे की विषय समोर आला की पहिलं वाक्य आपोआप येतं. आजही आलं. जेवणाआधी लेख झाला, वेळेआधी पाठवलाही. त्यात तू नव्हतीस. तू माझी आई, पण तुझ्याबद्दल मी आजवर एकाही लेखात लिहिलेलं नाही. तुझी गोष्ट सांगायला घेतली की ती अर्ध्यापर्यंत हसवते आणि मग हसवेनाशी होते, आणि तसलं काही माझ्याकडून कुणी मागितलेलं नाही.

आपल्या चामराजपेटच्या घरात रेडिओ आला तेव्हा मी शाळेत होते. अण्णा तार ऑफिसातून आले ते घोड्याचा जटका करून, मांडीवर खोकं घेऊन, जणू आत लेकरू झोपलं आहे. हॉलमधल्या फळीवर त्याची स्थापना झाली. तू त्याला क्रोशाचं झाकण विणलंस आणि पहिल्या दिवशी हळदकुंकूही वाहिलंस. पण तुझ्या स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता. सकाळी न्हाऊन, उंच दांडीवर वाळलेलं लुगडं काठीनं खाली ओढून तू नेसायचीस, आणि देवाला नैवेद्य दाखवून घरातली पानं उठेपर्यंत तू सोवळ्यात. कुणी तुला शिवायचं नाही, तू कशाला शिवायचं नाही. रेडिओ हॉलमध्ये आणि तू आत, मध्ये लांबलचक माजघर. म्हणून बातम्या लागल्या की मी उंबरठ्याच्या अलीकडे उभी राहायची आणि ऐकलेलं तुला सांगायची. तू ऐकता ऐकता फोडणी करायचीस आणि बातमीलाही द्यायचीस.

"अक्का, रशियानं कुत्री पाठवली वर!"

"वर म्हणजे कुठे?"

"आकाशात. पृथ्वीभोवती फिरतेय."

"अय्यो. आणि खाली कशी आणणार तिला?"

"आणणार नाहीत म्हणे."

"मग सोडून दिली म्हण ना. फिरतेय काय म्हणतेस, गंगम्माच्या देवळाला प्रदक्षिणा घालतेय जशी."

हॉलमधून अण्णा ओरडले, "अगं, ते शास्त्र आहे!"

"असू दे शास्त्र. भुंकली तर कुणाला ऐकू जाणार, तेवढं विचारा तुमच्या रेडिओला."

अण्णांनी रेडिओचा आवाज वाढवला. मी उंबरठ्यावर पोट धरून हसते आहे आणि तू पळीनं मला दटावते आहेस, "पुट्टी, स्वल्प मागे हो, शिवशील." दिवसभरात आपण दोघी बोलायचो ते एवढंच. दुपारी तू थकलेली असायचीस, संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा लुगडं बदलून आत. पण त्या उंबरठ्यावर मी जे बोलायला शिकले त्यावर माझं पोट भरलं आहे. बातमी थोडक्यात सांगायची, आणि आतून काय येईल याला तयार राहायचं.

मग तुझं ते छातीचं दुखणं आलं. सगळा उन्हाळा तू मागच्या खोलीत होतीस आणि रोज सुई टोचली जात होती. तू वाचलीस. उठून पुन्हा चुलीपाशी गेलीस तेव्हा मी उंबरठ्यावरून काहीतरी सांगितलं आणि तू पाठमोरीच राहिलीस. मला वाटलं, रागावली आहेस. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनांनी कान गेले असतील, हळूहळू आणखी जातील, पण त्यांनीच जीव वाचला हे विसरू नका. आम्ही विसरलो नाही. मी पाटी घेऊन उभी राहू लागले. पाटीवर 'मीठ' लिहिता येतं, 'पाहुणे' लिहिता येतं. 'अमेरिकेनं माकड पाठवलं' हेही लिहिता येतं, पण खडू चालेपर्यंत तुझी फोडणी जळते, आणि तू वाचून नुसतं "सरी", म्हणजे बरं, म्हणतेस. हळूहळू मीच फक्त मीठ आणि पाहुणे लिहू लागले.

अण्णांनी कंटोन्मेंटातल्या चष्म्याच्या दुकानातून ते कानाचं यंत्र आणलं, तेव्हा त्यांनी रेडिओच्या वेळेपेक्षाही जास्त जपून खोकं मांडीवर धरलं होतं. साबणाच्या वडीएवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर, टोकाला कानात बसवायचं बोंडूक. डबी गळ्यात अडकवायला तपकिरी चामड्याचं सुबक पाकीट. त्या दिवशी दिवेलागणी आणि स्वयंपाक लवकर आटोपून तू हॉलमध्ये बसली होतीस. अण्णांनी बटण फिरवलं आणि तू दचकलीस. मग हातातल्या बांगड्या हलवून पाहिल्यास. पुन्हा हलवल्यास. "अय्यो, तुम्ही सगळे एवढं ओरडून का बोलता?" म्हणालीस, आणि आम्ही सगळे आणखीच ओरडून हसलो. त्या संध्याकाळी तू मला सगळ्या राहिलेल्या बातम्या विचारल्यास. माकडाचं काय झालं ते विचारलंस. ते जिवंत परत आलं म्हटल्यावर म्हणालीस, "बरं झालं. कुत्रीच्या वेळी अक्कल नव्हती, आता आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबरठ्यावर गेले, तर तुझ्या कानात काही नव्हतं. पाकीट बाहेर खुंटीला टांगलेलं.

चामडं. आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अण्णांनी पाटीवर लिहिलं, पाकीट काढ आणि नुसती डबी घे. तू म्हणालीस, डबी रात्रभर त्यातच होती ना. अण्णांनी भटजींना विचारलं. भटजी उदार होते, त्यांच्या स्वतःच्या मनगटावर पट्ट्याचं घड्याळ होतं. ते म्हणाले, रेशमात गुंडाळलं तर हरकत नाही. मी तुझ्या जुन्या रेशमी लुगड्याच्या पदरातून एक पिशवी शिवून आणली. तू ती हातात न घेता पाहिलीस आणि म्हणालीस, "आणि आत? त्या सेलात काय असतं?" मी तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होते, पाटीवर लिहिलं: जस्त, कोळसा, मसाला. तू म्हणालीस, "कोळसा चालेल, चुलीत तोच असतो. मसाला कसला, ते मात्र तुझ्या प्रोफेसरांना विचार." मी विचारलं नाही. तुला हसायचं होतं आणि नाही म्हणायचं होतं, दोन्ही. पिशवी माझ्याच कपाटात पडून राहिली.

म्हणून असं झालं, की ज्या वेळी आम्ही सगळे घरात असायचो त्या वेळी तू सोवळ्यात, बहिरी. आणि दुपारी तू यंत्र लावून हॉलमध्ये बसायचीस तेव्हा अण्णा ऑफिसात, मी कॉलेजात. एकदा मी लवकर घरी आले. तू फळीपाशी स्टूल घेऊन बसली होतीस, रेडिओवर बायकांचा कन्नड कार्यक्रम लागला होता आणि तू ती डबी रेडिओच्या जाळीला टेकवून धरली होतीस, डोळे मिटून. मी आवाज न करता पुन्हा रस्त्यावर गेले आणि नेहमीच्या वेळी आले. तुझ्या एकटीचा तो वेळ होता, मी काय बोलणार होते. पुढे घरात कुकर आला, त्याच्या डोक्यावरचं वजन नाचतं ते बघून तू शिट्ट्या ओळखायला शिकलीस. "हा शिट्टी मारतो म्हणे," तू अण्णांना म्हणालीस, "बरंय, मला ऐकू येत नाही, नाहीतर तुम्हालाच भांडावं लागलं असतं त्याच्याशी." तुझा विनोद गेला नव्हता. फक्त त्यावर आम्ही काय म्हणालो ते तुझ्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि तू आमच्या हसण्याकडे खिडकीतून पाहिल्यासारखी पाहायचीस.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी ती चंद्राची गोष्ट आली. पेपरात चंद्रावर जाणाऱ्यांचा फोटो होता, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात. तू तो फोटो दुपारभर जवळ ठेवलास. संध्याकाळी मला विचारलंस, "हातमोजे पण? मग चंद्राला हात नाही लावणार?" मी मानेनं नाही म्हटलं. पाटीवर लिहिलं, की परत आल्यावरही त्यांना वेगळ्या खोलीत ठेवणार, कुणी शिवायचं नाही. तू पाटी वाचलीस. पुन्हा वाचलीस. तुझा चेहरा मी कितीतरी वर्षांत तसा खुललेला पाहिला नव्हता.

"म्हणजे सोवळ्यातच चाललेत की," तू म्हणालीस. "अंगभर पिशवी घालून. अहो, ऐकलंत का? तुमच्या शास्त्रालाही लागलं शेवटी सोवळं." आणि मग माझ्याकडे वळून, "ती रेशमी पिशवी आहे का गं अजून?"

चंद्रावर उतरलेली माणसं यानाबाहेर पाऊल ठेवणार होती ती आपल्याकडच्या सकाळी, ऐन तुझ्या स्वयंपाकाच्या वेळी. अण्णांनी नवे सेल आणून ठेवले होते. तू न्हाऊन आलीस, मी लांबूनच डबी घातलेली पिशवी पाटावर ठेवली आणि तू ती उचलून कमरेला खोचलीस. कानात बोंडूक बसवलंस. मी उंबरठ्यावर. अण्णांनी हॉलमध्ये रेडिओ इतका मोठा केला की शेजारच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "स्वल्प कम्मी माडी, मूल उठेल!" आणि अण्णा, ज्यांनी आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं, म्हणाले, "आज नाही. आज कमी करणार नाही."

तू बटण फिरवलंस. थांबलीस. मग तुझे डोळे मोठे झाले.

"ऐकू येतंय," तू म्हणालीस. "केवढं! पुट्टी, चंद्रावर एवढा आवाज असतो?"

तुझ्या हातापाशी पंपाचा स्टोव्ह पेटलेला होता, भर्र करून. मला कळलं. मी ओरडले, "अक्का, तो स्टोव्ह आहे!" तू माझ्या ओठांकडे पाहिलंस. मी बोट दाखवलं. तू स्टोव्हकडे पाहिलंस, हसलीस, "होय की," म्हणालीस, आणि वाकून त्याची हवा सोडलीस. स्टोव्ह विझला. हॉलमध्ये रेडिओ गल्लीभर घुमत होता, एक माणूस चंद्रावर चालत होता आणि दुसरा कुणी इंग्रजीतून ते सांगत होता, खिडक्यांची तावदानं थरथरत होती. तू मान तिरकी करून उभी आहेस. डबीवर टिचकी मारतेस. बटण शेवटपर्यंत फिरवतेस.

"बंद पडला वाटतं रेडिओ," तू म्हणालीस.

तू माझ्याकडे पाहिलंस, माझ्या खांद्यावरून हॉलकडे पाहिलंस, जिथे अण्णा दोन्ही हातांनी रेडिओ धरून उभे होते, आणि तुला समजलं. पहिल्या संध्याकाळी ज्या कानांना बांगड्या ऐकू आल्या होत्या, ते कान त्या वर्षांत केव्हातरी संपून गेले होते. पाकीट खुंटीला होतं, पिशवी कपाटात होती आणि ते संपत होते. तू कानातलं काढलंस, वायर गुंडाळलीस, पिशवी पाटावर ठेवून हातानं माझ्याकडे सरकवलीस. स्टोव्हला पंप मारलास, काडी लावलीस. "सरी," म्हणालीस. "सारू निवतंय, अण्णांना ऑफिसला उशीर होईल." त्यानंतर तू दुपारीही ते यंत्र लावलं नाहीस. पुढच्या वर्षी तू गेलीस.

मी तुला दोष देत नाही, अक्का. दोष द्यायला कुणी सापडत नाही, त्यामुळेच हे आटोपत नाही. ते पाकीट दुकानातच कापडाचं मिळालं असतं तर, असा विचार मी अजून करते. नवं यंत्र हातात आलं की पहिल्यांदा त्याचं वेष्टण बघते. खरंच चामडं आड आलं, की तुला आमच्या गोंगाटापेक्षा ते चुलीपाशी गप्प असणं बरं वाटू लागलं होतं, हे मला कळलेलं नाही. विचारायची एकच जागा होती, तो उंबरठा, आणि तिथे विचारलेलं ऐकू जात नव्हतं.

आता राजाजीनगरच्या या खोलीत बसून मी हे लिहिते आहे. लेख छापायला गेला असेल. उद्या लोक वाचतील, हसतील. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. वर तुझ्या तोंडची जी वाक्यं लिहिली ती तुझीच आहेत, शब्दाशब्दाला. पण ती लिहिताना मला तुझा आवाज ऐकू येत नव्हता. मला आठवतो तो नंतरचा, मोठा आणि सपाट, स्वतःलाच ऐकू न येणाऱ्या माणसाचा. ज्या आवाजात तू त्या कुत्रीबद्दल विचारलं होतंस तो कसा होता, हे मला आठवत नाही.