पंपाची पिन

दादा,

माशांच्या टाकीच्या झाकणाला एलईडीची पट्टी चिकटवलीस, सोल्डरिंगही झकास केलंस. पण तिचा अडॅप्टर लावायला काल हवेच्या पंपाची पिन काढलीस, ती काढलेलीच राहिली. सकाळपासून मासे वर येऊन तडफडत होते. बाबांना अंथरुणातून उठता येत नाही, वाचाही गेलेली, म्हणून ते भिंत बडवत राहिले. तू आतून ओरडलास, "गप्प बसा हो, मीटिंग चालू आहे." शेजारच्या काकूंनी ऐकलं, म्हणजे अख्ख्या मजल्याने ऐकलं.

मी आले तेव्हा चार मेले होते आणि तू बाहेर उलथला होतास. बाबा अजून भिंत बडवत होते.

पंप लावलाय. मी कामावर परत जातेय. आल्यावर आधी बाबांपुढे बसून माफी माग. त्यांनी तोंड फिरवलं तरी बसून राहा. दरवेळी उठून जातोस.

छोटी