बाबांचे एक मत

प्रिय जोसाया,

तू राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत कारकून आहेस, एवढ्याच कारणाने बाबांनी तुला नाकारले. "त्या माणसाचं मीठ खाणारा जावई मला नको," असे ते रोज म्हणतात.

काल आईने हसत हसत सांगितले, की हेच राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियात प्रथम विधानसभेला उभे राहिले, तेव्हा एका मताने निवडून आले; आणि ते मत बाबांचे होते. तिथे मत मोठ्याने सांगायचे, आणि उमेदवार समोरच बसलेला. बाबा विरोधात मत सांगायला गेले होते, परंतु त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच उमेदवार उठून, लवून म्हणाले, "आभारी आहे, कॅप्टन हॅझलवूड." बाबा साधे सार्जंट. साऱ्या गावादेखत मिळालेली बढती त्यांना नाकारवली नाही.

जेवताना मी विचारले, "बाबा, तुम्ही कॅप्टन कधी झालात?"

चमचा खाली ठेवून ते आईला म्हणाले, "तुझ्या पोटात काही राहत नाही ना?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बोलाव त्याला रविवारी. पण यातलं एक अक्षरही त्याला कळलं, तर लग्न मोडलं समज."

म्हणून हे पत्र चुलीत जाईल आणि तुला केवळ जेवणाचे निमंत्रण मिळेल. बाबांचे मन कशाने वळले असे विचारलेस, तर तुझ्या सद्गुणांनी, असे मी सांगेन.

तुझीच,
टॅबिथा